आग्वादसमोर पडलेले मेजर सिद्धू: एका माजी सुभेदाराची सलामी

सुभेदार_डिचोली (धागाकर्ता)
१८ डिसेंबर, रात्री ९:०५

नमस्कार मंडळी,

उद्या गोवा मुक्तिदिन. झेंडे लागतील, भाषणं होतील. मी मुद्दाम आज रात्रीच लिहितोय, कारण ज्या अधिकाऱ्याबद्दल लिहायचं आहे तो याच रात्री गेला. मेजर शिवदेव सिंग सिद्धू, सातवी लाइट कॅव्हलरी, म्हणजे रणगाड्यांची पलटण. त्यांच्याबरोबर कॅप्टन विनोद सहगल. साल १९६१, ठिकाण आग्वादचा किल्ला.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. माझा जन्म मुक्तीनंतरचा, त्यामुळे ही लढाई मी पाहिलेली नाही. पण भरती होऊन बेळगावच्या सेंटरला गेलो तेव्हा उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "गोव्याचा ना तू? मग तुझ्या गोव्यासाठी कोण कोण गेलं, सांग." पत्रादेवीच्या सीमेवर गोळ्या झेललेल्या सत्याग्रहींबद्दल मी सांगू शकलो, कारण ते घरात ऐकलं होतं. फौजेतल्या एकाचंही नाव मला येत नव्हतं. तेव्हापासून मिळेल ते वाचत आलोय, भेटेल त्या जुन्या फौजीला विचारत आलोय.

"गोवा छत्तीस तासांत मुक्त झाला" हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण त्या छत्तीस तासांत आपले २२ जवान आणि अधिकारी गेले, ५४ जखमी झाले. ज्याच्या घरी तार गेली त्याच्यासाठी ती लढाई छत्तीस तासांची नव्हती.

त्या दिवशी काय घडलं ते थोडक्यात सांगतो. मुख्य चढाई मेजर जनरल कँडेथ यांच्या १७व्या डिव्हिजनची होती. उत्तरेकडून, दोडामार्गच्या बाजूनं, ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५०वी पॅराशूट ब्रिगेड आत येणार होती. तिचं काम खरं तर दुय्यम ठरवलेलं होतं, पण सगत सिंग थांबणारे नव्हते. ब्रिगेडच्या तीन फळ्या झाल्या. दुसरी पॅरा, म्हणजे आपली मराठा पलटण, उसगावमार्गे फोंड्याकडे निघाली. पहिली पॅरा बाणस्तारीमार्गे पणजीकडे. तिसऱ्या फळीत दुसरी शीख लाइट इन्फंट्री आणि रणगाडे होते. ती १८ डिसेंबरच्या सकाळी साडेसहाला सीमा ओलांडून थिवीमार्गे निघाली आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास बेतीला पोचली. समोर मांडवी, पलीकडे पणजी. नदी ओलांडायचा हुकूम अजून आलेला नव्हता.

रात्री आठला पणजीहून ग्रेगोरियो माग्नो आंतांव नावाचे एक गोंयकार नदी पार करून बेतीला आले. त्यांच्या हातात पोर्तुगीज लष्कराच्या मेजर आकासियो तेनरेइरो यांचं पत्र होतं. शरणागतीबाबत बोलणी करायची आहेत, दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबवावा, लोकांची कत्तल आणि शहराचा नाश टाळावा, असा मजकूर. ते पत्र ज्यांच्या हाती पडलं ते मेजर सिद्धू.

एका फौजीच्या नजरेनं हा क्षण बघा. दिवसभर गाडीत आणि रणगाड्यात, धुळीत काढलेला. समोरचं शहर हात वर करतंय. तुमच्या खिशात तसा कागद आहे. सकाळपर्यंत थांबलात तर कुणी तुम्हाला एका शब्दानं बोलणार नाही.

त्याच सुमारास बातमी आली की आग्वादच्या किल्ल्यात भारताच्या बाजूचे लोक कैदेत आहेत आणि किल्ल्यावर शिबंदी आहे. सिद्धू थांबले नाहीत. त्याच रात्री आपला स्क्वाड्रन घेऊन निघाले. किल्ल्यावरच्या पोर्तुगीज सैनिकांपर्यंत शरणागतीचा हुकूम पोचलेलाच नव्हता. त्यांनी गोळीबार सुरू केला. मेजर सिद्धू आणि कॅप्टन सहगल तिथे पडले.

दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, किल्ला पडला आणि कैदी सुटले. सकाळी साडेसातला शीख पलटणीच्या दोन कंपन्या मांडवी ओलांडून पणजीत गेल्या, तिथे कुणी प्रतिकारही केला नाही. सगत सिंगांनी जवानांना लोखंडी टोप उतरवून पॅराच्या मरून टोप्या घालायला सांगितलं होतं. रात्री साडेआठला गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. म्हणजे लढाई पुरती संपायच्या एक दिवस आधी सिद्धू गेले.

आता माझं थोडं. मी शांतिसेनेत श्रीलंकेत होतो. १९८७ ते १९९० या काळात तिथे आपले हजाराहून जास्त जवान गेले. आमच्या कंपनीतला एक जण परतीची तारीख ठरल्यानंतर गेला. सामान बांधून झालं होतं. रात्री गस्तीला जायचं होतं, तो गेला, कारण पाळी त्याची होती. त्याच्या घरी मी गेलो तेव्हा त्याच्या वडिलांनी एकच विचारलं, "संपलं होतं ना सगळं?" मला उत्तर देता आलं नाही. सिद्धूंच्या घरीही कुणीतरी हेच विचारलं असणार.

आमच्या युद्धाकडे लोकांनी पाठ फिरवली, कारण ते लांबलं, फसलं, कुणालाच त्याबद्दल बोलायचं नव्हतं. ६१च्या जवानांकडे पाठ फिरली, कारण त्यांचं काम फार लवकर आणि फार चांगलं झालं. दोन्हीकडे माणसं तीच होती आणि गोळ्याही त्याच.

आग्वादला तुम्ही सगळे जाता. पाहुणे आले की नेताच. दीपस्तंभ दाखवता, पाण्याचं ते प्रचंड टाकं दाखवता. माझी विनंती आहे की पुढच्या वेळी ही दोन नावंही सांगा. मेजर शिवदेव सिंग सिद्धू. कॅप्टन विनोद सहगल. मुलांना सांगा.

मेजर साहेब, मराठा पलटणीच्या एका जुन्या जवानाचा सॅल्यूट. तुम्ही ज्यांच्यासाठी निघालात ती माणसं आमची होती.

---

मांडवीकाठ
१८ डिसेंबर, रात्री ९:४०

सुभेदारसाहेब, नोकरीच्या निमित्तानं मी बेती-पणजी फेरीबोटीतून रोज येतो-जातो. ज्या धक्क्यावर आम्ही मोबाइल बघत उभे असतो त्याच काठावर तो कागद आला होता, हे मला आज कळलं. वय ४३. लाज वाटली म्हणत नाही, पण राग आला, की हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

---

पेडण्याचा_मास्तर
१८ डिसेंबर, रात्री १०:१८

मी हायस्कूलला इतिहास शिकवतो. मुलांना विचारलं तर निम्म्यांचा समज असा असतो की भारतीय सैन्य आलं आणि पोर्तुगीज निघून गेले, एकही गोळी सुटली नाही. हा समज मोठ्यांकडूनच येतो. मग मी फळ्यावर मांडतो. दाबोळीच्या धावपट्टीवर कॅनबेरा विमानांचे बॉम्ब. बांबोळीच्या रेडिओ केंद्रावर हंटर विमानांचा हल्ला. मुरगावच्या बंदरात 'आफोंसो द आल्बुकेर्क' या युद्धनौकेशी आपल्या बेतवा आणि बिआस यांची झुंज. अंजदीव. दीव. दमण. मग मुलं गप्प होतात आणि प्रश्न विचारू लागतात.

सिद्धू आणि सहगल यांचं नाव मात्र मीही आजवर वर्गात घेतलेलं नाही. उद्या घेणार.

---

रोखठोक_म्हापसा
१८ डिसेंबर, रात्री ११:०२

लेख मनापासून आहे, आदरही आहे. तरी एक प्रश्न विचारतो, कृपया रागावू नका. शरणागतीचं पत्र हातात होतं. नदी ओलांडायचा हुकूम नव्हता. मग रात्रीच्या अंधारात, किल्ल्याची नीट माहिती नसताना जायची गरज होती का? सकाळी गेले असते तर किल्ला तसाही पडलाच असता. दोन अधिकारी वाचले असते. शौर्य आणि घाई यांत फरक करायला नको का?

---

आग्वाद_फॅन
१८ डिसेंबर, रात्री ११:१५

रोखठोक, आजच्या रात्री हा प्रश्न बरा दिसत नाही.

---

सुभेदार_डिचोली
१९ डिसेंबर, सकाळी ६:२०

आग्वाद_फॅन, विचारू द्या. फौजेत प्रत्येक कारवाईनंतर हे प्रश्न विचारले जातात आणि विचारायलाच हवेत. मेलेल्याचा अपमान प्रश्नानं होत नाही, विसरल्यानं होतो.

रोखठोक भाऊ, मला जे वाटतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे ते पत्र पुन्हा वाचा. त्यात शरणागती नव्हती, शरणागतीची बोलणी करायची इच्छा होती. पत्र आलं पणजीच्या लष्करी कमांडरकडून. आग्वादच्या शिबंदीनं ते मानलंय की नाही हे बेतीला बसलेल्या माणसाला कळायचा काहीच मार्ग नव्हता. आणि त्यांनी मानलेलं नव्हतं, हे त्याच रात्री सिद्ध झालं.

दुसरं, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम. १४ डिसेंबरला त्यानं व्हासालो ई सिल्वाला कळवलं होतं की तहाची शक्यता नाही, पोर्तुगीज युद्धकैदी असणार नाहीत, सैनिक आणि खलाशी एकतर जिंकतील नाहीतर मरतील. हा हुकूम पाळायचं ठरवलेला एखादा अधिकारी किल्ल्यात असेल आणि त्याच्या ताब्यात तुरुंगभर राजकीय कैदी असतील, तर त्या रात्री काय होऊ शकलं असतं? व्हासालो ई सिल्वानं अखेर तो हुकूम मोडला आणि पुष्कळ जीव वाचवले, हे आपल्याला आज माहीत आहे. १८च्या रात्री बेतीला ते कुणालाच माहीत नव्हतं.

तिसरं जरा अवघड आहे. कैद्यांची बातमी कळल्यावर सकाळपर्यंत थांबायचं, आणि सकाळी जाऊन बघायचं की ते जिवंत आहेत का. हे ओझं घेऊन बसणारे अधिकारी असतात, त्यांनाही मी दोष देत नाही. सिद्धू तसे नव्हते. मी त्यांच्या हाताखाली असतो तर मलाही भीती वाटली असती, आणि मीही गेलो असतो.

तुमचा मुद्दा मला अगदीच अमान्य आहे असं नाही. रात्रीची चाल, अनोळखी किल्ला, यात जोखीम मोठी होती. पण घाई आणि निकड यांतला फरक त्या जागी उभ्या असलेल्या माणसालाच कळतो.

आता ध्वजवंदनाला निघतो. दुपारी येतो.

---

रोखठोक_म्हापसा
१९ डिसेंबर, सकाळी ८:३१

सालाझारच्या हुकुमाचा संदर्भ लक्षात घेतला तर चित्र बदलतं. शांतपणे उत्तर दिलंत, आभारी आहे. जोखमीबद्दल माझं मत थोडं शिल्लक आहे, पण ते मत म्हणूनच राहू दे.

---

नौसेना_वास्को
१९ डिसेंबर, सकाळी ९:१२

माजी नौसैनिक. या धाग्यावर अंजदीवची गोष्ट यायलाच हवी.

अंजदीव हे कारवारजवळचं छोटं बेट, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात. नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. काही दिवसांनी एका मच्छीमाराचा जीव गेला. १८ डिसेंबरला सकाळी 'त्रिशूल' या युद्धनौकेवरून नौसैनिकांची तुकडी बेटावर उतरवली, मदतीला 'म्हैसूर' होती. पहिले लोक उतरले, बेटावर पांढरं निशाण दिसलं. पुढची फळी किनाऱ्याकडे येत असताना मशीनगन सुरू झाल्या. आमचे सात जण गेले. मग जहाजावरच्या तोफा बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी बेट ताब्यात आलं.

सुभेदारसाहेब, तुम्ही पायदळातले आहात म्हणून सांगतो. जमिनीवर गोळी आली तर माणूस निदान आडवा तरी होतो. उघड्या होडीत तेवढंही नसतं. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत बसून राहायचं, एवढंच. ते बसून राहिले आणि पुढे गेले.

वास्कोला आयएनएस गोमंतकवर या सातही जणांचं स्मारक आहे. नोकरीत असताना त्याच्यासमोर मी अनेकदा उभा राहिलोय. आपण जे ओळखायचे ते नौसैनिक वेगळे, हे आपल्याआधीचे. तरी तिथे उभं राहिलं की आपल्याच मेसमधली पोरं वाटतात. विशीतली.

---

सुभेदार_डिचोली
१९ डिसेंबर, दुपारी १:४५

नौसेनावाले भाऊ, सलाम. होडीत बसून राहणं... हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

दमणचंही सांगून ठेवतो, कारण तिथे आमची पलटण होती. दमण पहिल्या मराठानं घेतलं, लेफ्टनंट कर्नल भोंसले यांच्या नेतृत्वाखाली. तिथे आपले चार जवान गेले, चौदा जखमी. 'छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आमची आरोळी त्या सकाळी दमणच्या विमानतळाकडे जाताना उठली असणार. गोव्यात मुक्तिदिनाला दमण-दीवची आठवण कमी निघते, पण लढाई एकच होती.

---

नेरूलची_नात
१९ डिसेंबर, दुपारी २:३०

माझं आजोळ नेरूलचं. बेतीहून आग्वादला जायचं तर वेरें, नेरूल, कांदोळी असंच जावं लागतं. आजी असेपर्यंत त्या रात्रीबद्दल सांगायची. संध्याकाळपासून गावात कुजबुज होती की भारताची फौज बेतीला आली. दिवे मालवले होते. रात्री किल्ल्याच्या बाजूनं आवाज यायला लागले. आजीचे शब्द असे असायचे: "आमी दारां धांपून बसल्लीं. रातभर कोणाकूच न्हीद ना."

सकाळी पुरुषमंडळी बाहेर पडली. मग कळलं की किल्ला घेतला, आणि दोन मोठे अधिकारी गेले. आजीला नावं माहीत नव्हती. ती "ते दोग" एवढंच म्हणायची. देवापुढे दिवा लावताना १८ डिसेंबरला एक वात जास्त लावायची. आईनंही ते चालू ठेवलंय, पण का लावतो ते तिला नीट सांगता यायचं नाही. मी आज तिला फोन करून नावं सांगितली. तिनं कागदावर लिहून घेतली.

---

मांडवीकाठ
१९ डिसेंबर, दुपारी २:५२

ताई, नावं न कळताही तुमच्या आजीनं इतकी वर्षं वात लावली. याहून मोठं मी आज काही वाचलं नाही.

---

इतिहासवेडा_साखळी
१९ डिसेंबर, दुपारी ३:२०

आग्वादच्या तुरुंगाबद्दल थोडी भर घालतो, म्हणजे मेजर सिद्धू कशासाठी निघाले ते नव्या पिढीला कळेल. किल्ल्याचा खालचा, समुद्रालगतचा भाग पोर्तुगीजांनी तुरुंग म्हणून वापरला. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा १९४६ मध्ये तिथे होते. १९५५च्या सत्याग्रहातले कितीतरी लोक तिथे होते. खिडकीतून समुद्र दिसायचा आणि सुटकेची तारीख नसायची. मुक्तीनंतरही तिथे राज्याचा मध्यवर्ती तुरुंग होता, तो नंतर कोलवाळला हलवला. आता जागेचं संग्रहालय झालंय. १९ डिसेंबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं.

आणखी एक धागा जुळतो. ज्या बेतीला ही फौज थांबली, तिथल्याच पोलीस ठाण्यावर ऑक्टोबर १९५५ मध्ये आझाद गोमंतक दलाच्या मोहन रानडे यांनी हल्ला केला होता. त्यात ते गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. पुढे आग्वादला एकांतवास. सहा वर्षांनी त्याच बेतीहून भारतीय फौज त्याच आग्वादकडे कैद्यांना सोडवायला निघाली.

---

पेडण्याचा_मास्तर
१९ डिसेंबर, दुपारी ३:४१

मग रानडे त्या दिवशी सुटले का? मुलं हे हमखास विचारणार.

---

इतिहासवेडा_साखळी
१९ डिसेंबर, दुपारी ३:५८

नाही, मास्तर. त्यांना आधीच पोर्तुगालला नेलं होतं, लिस्बनजवळ काशियासच्या तुरुंगात. गोवा मुक्त झाल्यावरही ते तिकडेच अडकले. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये. त्यासाठी सुधीर फडके यांनी इकडे मोठी खटपट केली. गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली तरी गोव्यासाठी लढलेला माणूस कैदेत, हेही मुलांना सांगा.

---

सत्तरीकर_ताई
१९ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

सगळं वाचलं. सुभेदारदादा, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक बाजू मांडते. माझे मामेआजोबा सत्याग्रही होते, मार खाल्लेले, तुरुंग पाहिलेले. आमच्या घरात नेहमी एक खंत असायची, की दिल्लीच्या पुस्तकांत गोव्याचं स्वातंत्र्य म्हणजे फक्त 'ऑपरेशन विजय' ही फौजेची कारवाई. १८ जून १९४६ला मडगावात लोहियांसमोर जमलेले लोक, बाळा मापारींचा कोठडीतला मृत्यू, १५ ऑगस्ट १९५५ला सीमेवर गोळ्या झेललेले सत्याग्रही, हे सगळं त्या छत्तीस तासांच्या सावलीत जातं. फौजेची आठवण काढताना हे मागे पडू नये असं वाटतं.

---

सुभेदार_डिचोली
१९ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५

ताई, तुमच्या मामेआजोबांना माझा नमस्कार. तुम्ही म्हणता ते पूर्ण खरं आहे.

सत्याग्रहींच्या हातात काही नव्हतं. आमच्या हातात हत्यार असतं, बाजूला जोडीदार असतो, मागे तोफखाना असतो. १५ ऑगस्टला पत्रादेवीला करनैल सिंग बेनिपाल झेंडा घेऊन पुढे गेले ते छाती उघडी ठेवून. पंजाबचा तरुण, गोव्यासाठी. सहा वर्षांनी सिद्धू आले. मी या दोघांना वेगळं मोजूच शकत नाही.

आणि मेजर सिद्धू नेमके कुणासाठी गेले? तुरुंगातल्या तुमच्या माणसांसाठी. फौज आणि सत्याग्रही यांतलं मोठं कोण, हा वाद आपण इथे बसून घालतो. त्या रात्री एक अधिकारी किल्ल्याकडे निघाला, कारण आत कैदी होते. त्याच्या लेखी वाद नव्हताच. तुमच्या मामेआजोबांची गोष्ट इथे वेगळा धागा काढून लिहा. मी पहिला प्रतिसाद देईन.

---

सत्तरीकर_ताई
१९ डिसेंबर, संध्याकाळी ६:२२

लिहिते, दादा. मामींकडे त्यांची वही आहे, ती मागवते.

---

परदेशी_गोंयकार
१९ डिसेंबर, संध्याकाळी ७:३५

लिस्बनला असतो. इथल्या एका वयस्क पोर्तुगीज शेजाऱ्याचा भाऊ ६१ला गोव्यात शिपाई होता. परत आलेल्यांना इथे भित्रे म्हटलं गेलं, व्हासालो ई सिल्वांना लष्करातून काढून टाकलं. १९७४च्या क्रांतीनंतर त्यांना मान परत मिळाला. पोर्तुगालचे सुमारे ३० जण त्या लढाईत मेले. दीवला 'व्हेगा' या छोट्या गस्तीनौकेवरचा तरुण अधिकारी ओलिव्हेरा ई कार्मू विमानांशी लढत गेला. त्या शेजाऱ्याला मी आज सिद्धूंबद्दल सांगितलं. तो म्हणाला, नाव लिहून दे. दिलं.

हे इथे लिहिणं योग्य आहे का माहीत नाही. खटकलं तर संपादकांनी काढून टाकावं.

---

सुभेदार_डिचोली
१९ डिसेंबर, रात्री ८:१०

राहू द्या. समोरच्यानं आपला हुकूम पाळला, त्याबद्दल फौजीला राग नसतो. आग्वादच्या तटावर ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं की संपलंय. अंजदीवच्या पांढऱ्या निशाणाची गोष्ट मात्र वेगळी. ती मी माफ करू शकत नाही, आणि नौसेनावाले भाऊही करणार नाहीत असं वाटतं.

---

नौसेना_वास्को
१९ डिसेंबर, रात्री ८:१४

नाही करणार.

---

कुळागर
१९ डिसेंबर, रात्री ८:४०

या सगळ्यांची नावं एकत्र कुठे बघता येतील? फक्त सिद्धू-सहगल नव्हे, बावीसच्या बावीस.

---

सुभेदार_डिचोली
१९ डिसेंबर, रात्री ९:०२

दिल्लीला इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात. २५ फेब्रुवारी २०१९ला ते खुलं झालं. त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटमध्ये स्वातंत्र्यानंतर गेलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं कोरली आहेत. गोव्याचे तिथे आहेत, श्रीलंकेतले आमचेही आहेत. मी गेलो होतो तेव्हा आमच्या कंपनीतल्या त्या मुलाचं नाव शोधायला बराच वेळ लागला. सापडल्यावर त्यावर बोट ठेवून उभा राहिलो. ड्यूटीवरच्या जवानानं विचारलं, "आपकी पलटन?" मी सांगितलं. त्यानं सावधान होऊन सॅल्यूट केला. मला नव्हे, त्या नावाला.

दिल्लीला कामानिमित्त गेलात तर दोन तास काढा. संध्याकाळी तिथे पुष्पचक्र वाहतात, आणि त्या दिवशी एखाद्या हुतात्म्याचं कुटुंब आलेलं असेल तर तेही हजर असतं.

---

पेडण्याचा_मास्तर
१९ डिसेंबर, रात्री ९:३०

आज वर्गात सांगितलं. ध्वजवंदनानंतर अर्धा तास मुलांना थांबवलं आणि बेतीचं पत्र, आग्वाद, अंजदीव, सगळं सांगितलं. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्यांनी ते पत्र उघडून वाचलं आणि तरी गेले?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "मग आत कोण होतं त्यांची पण नावं पाहिजेत."

मुख्याध्यापकांशी बोललोय. जानेवारीत आठवी-नववीला आग्वादला न्यायचं ठरतंय. सुभेदारसाहेब, तुम्ही याल का? आणि वास्कोचे भाऊ, तुम्हीही. मुलांसमोर वर्दीतल्या माणसानं सांगितलेलं वेगळं पोचतं.

---

नौसेना_वास्को
१९ डिसेंबर, रात्री ९:४१

येतो. रविवार सोडून कुठलाही दिवस.

---

सुभेदार_डिचोली
१९ डिसेंबर, रात्री ९:५०

येणार, मास्तर. पदकं लावून येईन. फक्त दोन गोष्टी बघा. बस बेतीमार्गे आणा, थेट कांदोळीला नको. वेरें-नेरूलचा रस्ता मुलांना दिसला पाहिजे, त्यांना अंतर कळलं पाहिजे. आणि नेरूलच्या ताईंना विचारा, त्यांची आई येऊ शकेल का. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे १८ डिसेंबरला आत कोण कोण होतं, ते इतिहासवेडा आणि मी मिळून शोधायला बसतो. सत्तरीकर ताईंच्या वहीत काही असेल तर तेही लागेल.

---

नेरूलची_नात
१९ डिसेंबर, रात्री १०:०३

आईला विचारलं. तिचे गुडघे दुखतात, किल्ल्यावर चढणार नाही म्हणाली. बस नेरूलला आमच्या घरासमोर दहा मिनिटं थांबवा, मुलांना चहा-बिस्किटं देते म्हणाली. किती मुलं असतील?

---

पेडण्याचा_मास्तर
१९ डिसेंबर, रात्री १०:०९

साठ-पासष्ट, ताई. आईंना नमस्कार सांगा. तारीख ठरली की इथेच टाकतो.